बधिर पाय

रविवार, रात्री

आज उपासना झाल्यावर मावशींची उपकारस्तुती झाली. पंच्याहत्तर पूर्ण झाली त्यांना. बाकाची कड धरून उभ्या राहिल्या. प्रभूचे आभार मानले, पाळकसाहेबांचे मानले, पुण्याच्या पुतण्याचे मानले. पुतण्या नाताळला साडी पाठवतो. माझं नाव आलं नाही. मी तिसऱ्या बाकावरच होते. सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं, पण घशात काहीतरी अडकलं ते घरी येईपर्यंत सुटलं नाही.

सव्वा वर्ष झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की मी वस्तीवर जाते. मावशींना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. एमडीटीच्या, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराच्या, गोळ्यांनी तो केव्हाच बरा झाला, पण बोटं आखडली आणि तळपाय बधिर झाले ते तसेच राहिले. कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूत वेल्लोरला हेच तर दाखवून दिलं होतं की हातापायाची बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. दुखलेलं कळत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि त्यात ती जातात. म्हणून पायांकडे रोज कुणीतरी बघावं लागतं. बाकीचे दिवस शेजारची मुलगी बघते.

घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, पाय वीस मिनिटं बुडवून ठेवायचे. घट्टे मऊ झाले की वजरीनं हलक्या हातानं घासायचे. जोर लावला तर तिथंच नवी जखम. मग पाय पुरते कोरडे न करता ओल्या कातडीवरच तेल चोळायचं, म्हणजे ओलावा आत राहतो. शेवटी हाताची पालथी बाजू तळव्यावरून फिरवायची. एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागली, तर आत काहीतरी बिघडतंय समजायचं. त्यांच्या चपलेला मागून पट्टा आहे, कारण साधी चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता लागत नाही.

हे सगळं मी आज लिहून काढतेय, कारण मला मोजायचं होतं. किती मंगळवार, किती शुक्रवार. मोजलेही. आणि मग वही मिटून बसले.

झोप येईना म्हणून बायबलमधला लूकचा सतरावा अध्याय काढला. दिवसभर नांगरून दमून आलेला चाकर धन्याचं जेवण आधी करतो आणि कुणी त्याचे आभार मानत नाही. सगळं करून झाल्यावर आपण निरुपयोगी दास आहोत असं म्हणायचं. हे मी संडे स्कूलच्या मुलांना किती वेळा शिकवलंय! पण त्याला लागूनच प्रभूनं बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. बाकीचे नऊ कुठं आहेत, असं प्रभूनं विचारलं. म्हणजे त्यालाही लागलं असेल का? मी पुन्हा वाचलं. देवाचं गौरव करायला ते परतले नाहीत, एवढंच तो विचारतो. माझे आभार मानायला का नाही आले, असं नाही. आणि नऊ जणांचं बरं होणं त्यानं काढून घेतलं नाही. ते आपापल्या घरी गेले असतील, बायकापोरांत बसले असतील, कातडी स्वच्छ ती स्वच्छच राहिली असेल.

पणजीची आठवण आली. १९००च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली केडगावला आणल्या, त्यांतली ती एक. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर तिथंच त्या बायकांच्या हातून छापलं गेलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ला बाहेर आला. त्यांनी तो बांधलेला बघितलाच नाही. पणजीनं बघितला. त्यात तिचं नाव कुठं नाही, आणि असायला हवं होतं असं तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. आजी सांगायची, म्हातारपणीसुद्धा पणजी पानावर बोट ठेवून ओळी उलट्या वाचून दाखवायची, खिळे जुळवताना दिसतात तशा.

प्रभू, मला त्या बोटासारखं मन दे. आज ते माझ्याजवळ नाही.

मंगळवार

जायचं जिवावर आलं होतं. गेले. पाय पाण्यात सोडले, घट्टे घासले. तेल लावताना न राहवून विचारलं, "मावशी, माझा हात लागतो का हो तुम्हाला?"

"घोट्याखाली? छे गं. खाली तू काय करतेस ते मला कुठं कळतंय. डोळ्यांनाही आता धड दिसत नाही. पाणी हललं की आवाज येतो, तेवढंच."

सव्वा वर्ष मी ज्या पायांना हात लावतेय, त्यांना तो एकदाही लागलेला नाही. मी तशीच बसून राहिले, तेलाचे हात मांडीवर. रविवारपासूनचं घशातलं ते तिथं सुटलं. रडूही आलं थोडं. ते त्यांना दिसलं नाही.

मग पालथा हात फिरवला. डाव्या पायाच्या अंगठ्याखालची जागा गरम लागली. दुसऱ्या पायाशी ताडून बघितली. गरमच होती. जखम नाही, लाली किंचित. चालू नका, पाय उशीवर ठेवून पडून राहा, असं सांगितलं. आरोग्यसेविकेला फोन लावला, ती उद्या सकाळी दहाला येतेय. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. जाताना जाडसर उशी न्यायची, त्यांच्याकडची अगदीच चपटी झालीय.