काही घालत नाही, मग करता तरी काय?

लंडनहून बाग बघायला येणारे मराठी पाहुणे असोत की निफाडहून फोन करणारे माझे काका, प्रश्न एकच येतो: “तुम्ही वाइनमध्ये काही घालत नाही म्हणे. मग करता तरी काय?” माझ्या सासरची बाग ईस्ट ससेक्समध्ये, साउथ डाउन्सच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. शार्डने, पिनो न्वार आणि पिनो म्युनिए या द्राक्षाच्या तीन जाती आम्ही लावतो आणि त्यांची फक्त स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन करतो. सासू-सासरे, दीर, नवरा आणि मी, एवढ्यांवर काम चालतं. तोडणीपुरती बाहेरची माणसं येतात.

‘काहीच घालत नाही’ असं मी म्हणत नाही. आमच्यासारख्या वाइनला ‘कमी हस्तक्षेपाची’ म्हणतात, पण ‘कमी हस्तक्षेप’ म्हणजे काय, हे इथल्या कायद्यात कुठेही ठरवून दिलेलं नाही. म्हणून ज्याने त्याने आपण काय करतो ते स्पष्ट सांगावं, असं मला मनापासून वाटतं. आमचं सांगते. पहिल्यांदा रस आंबवताना बाजारचं यीस्ट नाही. आंबटपणा कमी-जास्त करायला काही नाही. वाइन फिल्टरमधून काढत नाही. वाइन बिघडू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड घालतो, पण थोडं आणि रस निघतानाच. बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीसाठी मात्र लिटरमागे 24 ग्रॅम साखर आणि निवडक यीस्ट घालतो. आधीच दहा-अकरा टक्के अल्कोहोल असलेल्या बंद बाटलीत रानटी यीस्टच्या भरवशावर राहता येत नाही. ती साखर यीस्ट पूर्ण खातं आणि त्यातून हवेच्या दाबाच्या सुमारे सहापट दाब तयार होतो. बुडबुडे येतात ते तिथून.

हे इंग्लंडात जमतं ते आंबटपणामुळे. निफाडच्या उन्हात साखर भराभर चढते आणि आम्ल उतरत जातं. काकांना याचं नवल नाही. 1980च्या दशकात नारायणगावला शाम चौगुल्यांनी स्पार्कलिंग वाइन करायला घेतली, ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे. अशा वाइनसाठी उष्ण हवेत आम्ल टिकवायचं तर तोडणी लवकर करावी लागते. इथे सगळं उलटं. सप्टेंबरअखेर, कधी ऑक्टोबरच्या मध्यावर तोडणी होते आणि तेव्हाही मणी दात आंबवतो. याच आंबटपणामुळे इंग्लंडच्या वाइनला पूर्वी कमी लेखलं जायचं. 1988मध्ये स्टुअर्ट आणि सँडी मॉस या अमेरिकन जोडप्याने वेस्ट ससेक्समधल्या नायटिंबर इस्टेटवर शॅम्पेनच्या, म्हणजे आम्ही लावतो त्याच जाती लावल्या, आणि जो दोष मानला जात होता तोच स्पार्कलिंगसाठी गुण ठरला. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: रस जितका आंबट तितकी त्यात वाइन बिघडवणाऱ्या जिवाणूंची वाढ अवघड, आणि तितकंच सल्फर कमी लागतं. आमचा कमी हस्तक्षेप या हवेच्या आधाराने उभा आहे. तो सगळा आमच्या कौशल्याचा म्हणून मिरवणं बरोबर नाही.

मग आम्ही काय करतो? बागेत राबतो. हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो, त्यामुळे नाशिकसारख्या दोन छाटण्या नाहीत, एकच. एप्रिलमध्ये पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, बाहेर येतो आणि नेमका तेव्हाच दहिवर गोठायचा धोका असतो. अशा रात्री ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवून पहाटेपर्यंत जागायचं. डावणी आणि भुरी हे वेलीचे रोग इथेही आहेतच. त्यातही सगळ्यात जास्त भीती ऑक्टोबरच्या पावसात येणाऱ्या करड्या बुरशीची. ती लागलेल्या घडाचा रस तपकिरी पडतो. तो सावरायचा तर सल्फर वाढवावं लागतं, आणि तेच आम्हाला नको आहे. म्हणून जुलैपासून घडांभोवतीची पानं हाताने काढत राहायची, म्हणजे वारा खेळतो. तोडणीत प्रत्येक घड उलटसुलट बघायचा आणि कुजका भाग कात्रीने तिथेच टाकायचा. 2012च्या ओल्या हंगामात नायटिंबरने वाइनच केली नव्हती. मोठ्या घराण्याला तो निर्णय परवडला असेल. आमच्यासारख्यांना तो फार जड जातो, पण घ्यावा लागू शकतो हे मनात धरूनच आम्ही काम करतो.

मुख्य तोडणीच्या आठवडाभर आधी थोडे घड आणून त्यांचा रस आपोआप आंबू देतो. तो नीट आंबला, वास स्वच्छ आला, की विरजणासारखा मोठ्या टाकीत घालतो. हे काम सासूबाईंचं. वासात खोट वाटली तर त्या टाकून देतात, त्यावर कुणी वाद घालत नाही.

पुढे बाटल्या यीस्टच्या गाळावर तीन वर्षं आडव्या पडतात. मग रोज थोडं फिरवत गाळ तोंडाशी आणायचा, बाटलीचं तोंड गोठवायचं आणि बर्फाच्या गोळीसकट गाळ बाहेर काढायचा. इथे बहुतेक जण चव गोलसर व्हावी म्हणून साखर घातलेली वाइन भरतात. आम्ही तीच वाइन भरतो, साखरेशिवाय. आणि म्हणूनच तोडणीच्या तारखेवरून घरात दरवर्षी वाद होतो. दीर म्हणतो आणखी चार दिवस थांबू, सासरे ढगांकडे बोट दाखवतात. रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा असतोच, पण आम्ही मणी चावून बी तपकिरी झाली का तेही बघतो. घाई केली तर तो कच्चेपणा तीन वर्षांनी पेल्यात जसाच्या तसा येतो, आणि तेव्हा झाकायला आमच्याकडे साखर नसते.