हळदीपासून रिसेप्शनपर्यंत नवरीचा रंग एकच दिसू द्या

लग्नाचा अल्बम हातात आला की मी आधी चेहऱ्यांचे रंग बघते. हळदीत नवरी निळसर, मांडवात गुलाबी, रिसेप्शनला हिरवट, असं असलं की बाकी फोटो कितीही भारी असू देत, मन लागत नाही. आणि सावळ्या मुलीला एडिटिंगमध्ये गोरी करून टाकणं तर मला अजिबात पटत नाही, तिचा रंग तिचा आहे, तो प्रत्येक पानावर तिचाच दिसायला हवा.

गोंधळ बहुतेक वेळा ऑटो व्हाइट बॅलन्सचा असतो, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून कॅमेरा फोटोचे रंग आपोआप सुधारतो त्याचा. हळदीला फ्रेमभर पिवळं असतं, कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो सगळं निळ्याकडे ढकलतो, पुढच्या फ्रेममध्ये हिरवा शालू मोठा आला की मजेंटाकडे. म्हणून रॉमध्ये, म्हणजे रंग नंतरही नीट बदलता येतील अशा फाइलमध्ये, शूट करा आणि उजेड बदलला की ग्रे कार्ड (साधं राखाडी कार्ड) नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून एक फोटो घ्या, केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, त्यावरून लॉक करा. मोकळ्या उन्हात साधारण ५५००, पिवळ्या बल्बखाली २७०० ते ३२००. हळद लागल्यावर तर कार्ड हवंच, कारण तेव्हा त्वचा खरंच पिवळी असते आणि ती पिवळीच राहू द्यायची!

हॉलमध्ये पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशला ऑरेंज जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, म्हणजे दोन्ही उजेड जुळतात. जांभळा एलईडी थेट तोंडावर असेल तर मात्र नंतर काही होत नाही, त्या उजेडात बाकीचे रंगच नसतात, विधी होईपर्यंत लाइटवाल्या दादांना तो बंद ठेवायला सांगा.

एडिटिंगला एक चांगला फोटो पक्का करून बाकीचे त्याच्याशी जुळवा. गोरी असो की सावळी, त्वचेचा मूळ रंग लाल-पिवळ्याच्या मधे, ऑरेंजमध्येच येतो, फरक मुख्यतः उजळपणाचा. त्यामुळे ऑरेंजचा ह्यू (रंगछटा) थोडा हलवा पण ल्युमिनन्स (उजळपणा) वाढवत बसू नका. तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारी एडिटिंगची सेटिंग्ज, तर जपूनच वापरा, एकाच वर्णावरून ठरवलेले रंग सगळ्यांना चालत नाहीत. कोडॅकच्या शर्ली कार्डवर, म्हणजे रंग तपासायच्या नमुना फोटोवर, कित्येक वर्षं गोरी बाईच असायची, लॅबवाले तिच्यावरून प्रिंटचे रंग जुळवायचे, वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात.

प्रिंटला द्यायच्या आधी सगळे फोटो छोटे करून एकत्र बघा, वेगळा पडलेला चेहरा लगेच सापडतो. फक्त नवरीच नाही, तिची आई, आत्या, करवली, सगळ्यांचे चेहरे बघा.