पाच भाकऱ्या सकाळच्या, पाच नमो मरिया रात्रीच्या

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

आज रोझरी मातेचा, म्हणजे जपमाळेच्या मरियामातेचा सण. सकाळच्या मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, जायचं फार मनात होतं, पण मिस्सा संपेपर्यंत माझी चर्चगेट लोकल वसई रोडवरून निघून गेली असती. मग नेहमीसारखी परातीजवळच सुरुवात केली.

माहेरी रोज सकाळी तांदळाच्या दहा भाकऱ्या लागायच्या. उकड मळून पहिला गोळा हातात घेतला की आई 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणायची, पुढे एका भाकरीला एक नमो मरिया, ही मरियामातेची छोटी प्रार्थना, आणि दहावी तव्यावर पडली की पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला गौरव. जपमाळेचं एक दशक असं पुरं व्हायचं. पिठाच्या हातांनी माळ धरता येत नाही, म्हणून भाकऱ्या हेच तिचे मणी. स्वर्गीय बापाच्या प्रार्थनेतली रोजची भाकर मागणारी ओळ आमच्याच चुलीपाशी पहिल्यांदा कुणीतरी म्हटली असणार, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. आपल्या मराठीत त्या ओळीत 'भाकर' हाच शब्द आहे, याचा मला आजही आनंद होतो. जे थापते आहे तेच मागते आहे.

स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेजा यांनी सोळाव्या शतकात आपल्या मठातल्या भगिनींना लिहिलं होतं, की आज्ञेखातर स्वयंपाकघरात काम करावं लागलं तर खंत करू नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो. आईनं यातलं अक्षरही वाचलेलं नव्हतं.

आमच्या घरी आता आम्ही तिघंच. पाच भाकऱ्या पुरतात, आणि दशक अर्ध्यावर राहतं. कित्येक वर्षं मी उरलेल्या पाच नमो मरिया तव्यासमोर घड्याळाकडे बघत भराभर म्हणून टाकायची. ती प्रार्थना नव्हती, उरकणं होतं. हल्ली त्या पाच मी रात्रीच्या भांड्यांसाठी ठेवते. दशक सकाळी सुरू होतं, रात्री पुरं होतं आणि मधला सगळा दिवस त्याच्या पोटात राहतो. असं केल्यापासून माझ्या दिवसात प्रार्थनेला जागा कुठे, हा प्रश्नच मला पडत नाही.

नायगाव सुटलं, खाडीचा पूल आला. डब्यातल्या बायकांनी हात जोडले, मी क्रूसाची खूण केली. मंगळवार म्हणजे जपमाळेतली दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखसहनाचं मनन. बोटांवर मोजत होते, पण बोरिवलीच्या रेट्यात मोजणी हरवली. पुन्हा पहिल्यापासून धरली.

ऑफिसात गेल्या आठवड्यात एका वरिष्ठांनी, माझी नसलेली चूक सगळ्यांसमोर माझ्या नावावर टाकली. ते अजून आत सलतं आहे. आज नेमकं त्यांचंच काम माझ्या टेबलावर आलं. बाराला दुपारच्या प्रार्थनेसाठी मोबाइल थरथरतो, तशी मी वेळ लावून ठेवली आहे. लहानपणी या वेळेला चर्चची घंटा व्हायची आणि वाडीत केळीला पाणी लावणारे बाबा फावडं टेकवून, डोक्यावरचं फडकं काढून उभे राहायचे. मला तिथं उभं राहता येत नाही. खुर्चीतच मनात मरियेचे शब्द म्हटले, 'पाहा, मी प्रभूची दासी.' समोर त्या वरिष्ठांचा तक्ता उघडाच होता.

त्यांच्यासाठी एक नमो मरिया म्हणावी म्हणून तीनदा प्रयत्न केला. जीभ वळेना. स्वर्गीय बापाच्या प्रार्थनेत, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला कर, या क्षमेच्या ओळीशी आले की मी गेला आठवडाभर अशीच अडते आहे, आणि ती ओळ गाळून पुढे जाणं मला जमत नाही. शेवटी त्यांच्या तक्त्यातल्या बेरजा दोनदा तपासल्या. एका रकान्यात खरंच चूक निघाली. ती दुरुस्त करून, कुणाला न सांगता, कागद पुढे पाठवला आणि प्रभूला म्हटलं, आज माझ्याजवळ एवढंच आहे, हे घे.

रात्री जेवणं झाल्यावर यांनी टेबल पुसलं. मी भांड्यांना लागले. पहिली नमो मरिया आईसाठी, कढई घासताना. दुसरी, तिसरी आमच्या दोघांच्या घरच्यांसाठी. चौथीला त्या वरिष्ठांचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे काही मागितलं नाही, पण नाव घेतलं.

पाचवी सुरू करणार तोच आतून मुलानं हाक मारली, त्याचा चार्जर सापडत नव्हता. ओल्या हातांनीच गेले, उशीखालून काढून दिला, आणि पाचवी तिथंच त्याच्या दारात उभी राहून म्हटली.