किक, बेस आणि दहा बाय दहाची खोली : माझा पहिला पूर्ण मिक्स

मिनिटाला १४५ ठोक्यांच्या (बीपीएम) सायट्रान्समध्ये, म्हणजे नाचाच्या एका वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतात, एका बीटला साधारण ४१४ मिलिसेकंद मिळतात. त्याचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला १०३ येतात. पहिल्या भागावर किक म्हणजे ढोलासारखा मुख्य ठोका, उरलेल्या तिन्हींवर बेस म्हणजे खर्जातले सूर. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांमधून जगभर गेलेल्या गोवा ट्रान्समधून पुढे जे संगीत वाढलं, त्याचा कणा ही चौकट आहे, आणि ती सहा-सात मिनिटं न थकता चालली पाहिजे. मी पुण्यात नोकरी सांभाळून हे संगीत करते. रचून झालेला एक ट्रॅक मिक्सपासून (सगळे आवाज एकमेकांत बसवणं) मास्टरपर्यंत (शेवटची पातळी आणि तोल ठरवणं) स्वतःच्या हाताने पुरा करायचा, असं ठरवलं आणि केला. त्या वाटेवर जे कळलं ते नुकती सुरुवात केलेल्यांसाठी लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिक्सचा निम्म्याहून जास्त भाग खालच्या दीड सप्तकात ठरतो, म्हणजे ४० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात. आणि घरच्या खोलीत नेमका तोच पट्टा सगळ्यात कमी खरा ऐकू येतो. म्हणून कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं साधन) शिकण्याआधी खोली शिकावी.

माझी खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. भिंती विटांच्या, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल. परदेशी व्हिडिओंमधल्या बऱ्याच खोल्यांना जिप्समच्या पातळ भिंती असतात, त्यातून थोडा बेस बाहेर निसटतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या खोलीत तो अडकून राहतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, त्यामुळे ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर दहा फूट भरते ती ५६-५७ हर्ट्झची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती उभी राहते. भिंतीपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त, खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांचा आकडा एकच येतो, आणि उंचीचा आकडाही साठच्या जवळच. म्हणजे खोलीचा सगळा दोष एकाच ठिकाणी गोळा झालेला.

आता योग असा की माझ्या ट्रॅकची पट्टी पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य ए. त्या पट्टीतला खालचा षड्ज ५५ हर्ट्झवर येतो. माझी खुर्ची खोलीच्या मधोमध होती. तिथे बसून मी ४० ते १२० हर्ट्झचा साइन स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा एकच शुद्ध सूर, सावकाश चालवला. पन्नासच्या पुढे गेल्यावर आवाज विरत गेला, छप्पनला जवळपास नाहीसा झाला, आणि एकशे बाराच्या आसपास टेबल थरथरलं. तोच स्वीप दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहून ऐकला तेव्हा छप्पनला छातीवर दाब आला. एकच खोली, तेच स्पीकर आणि अगदी उलट दोन उत्तरं. ज्यांना आपला बेस गाडीत प्रचंड आणि घरात बारीक वाटतो, त्यांनी प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) विकत घेण्याआधी हा स्वीप एकदा ऐकावा. पैसे लागत नाहीत. आलेख हवा असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त मोजणीचा माइक लागतो.

खुर्ची मी पुढच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. तो सुरुवात म्हणून चांगला, पण शेवटची जागा कानांनीच ठरवावी. दुसरं काम रॉकवुलचं, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी तंतूंच्या थराचं. सुताराकडून चार चौकटी करून घेतल्या, चार इंच जाडीचा रॉकवुल भरला, वरून सुती कापड, आणि मागे मोकळी जागा ठेवून त्या कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या. एकशे बाराची थरथर यामुळे बरीच शमली. छप्पनची नाही. त्या लहरीची पाव लांबी पाच फूट असते, चार इंचांनी तिला कितीसा अडसर होणार! भिंतीला चिकटवायच्या इंचभर फोमचा तर या पट्ट्यात काहीच उपयोग नाही, आणि अंड्याच्या ट्रेचाही नाही. ही गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे, कारण नव्या मुलांचे पैसे तिथेच जातात. छप्पनच्या आसपासचा निर्णय मी सरळ हेडफोनवर सोपवला. हेडफोनला भिंती नसतात.

मग किक आणि बेस. या दोघांचं भांडण ईक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) सोडवा असं सगळीकडे सांगितलेलं असतं. माझ्या अनुभवात ते आधी वेळेने सुटतं. १०३ मिलिसेकंदांनी बेसचा पहिला सूर येणार, म्हणजे त्याच्या आत किक संपलीच पाहिजे. किकचं शेपूट तिथपर्यंत लांबलं तर पन्नासच्या आसपास दोन आवाज एकमेकांवर चढतात, कधी बेरीज होते, कधी वजाबाकी. मी किक ऑडिओ करून घेतली, म्हणजे ध्वनिफाइलमध्ये उतरवली, तरंग मोठा करून पाहिला आणि नव्वद मिलिसेकंदांच्या पुढे फेड देऊन (आवाज उतरवत नेऊन) शंभरच्या आत ती शांत केली. ऐकताना किक छोटी झाली असं वाटलं नाही, उलट बेसचा पहिला सूर स्वच्छ उमटला.

बेसची बाजू जास्त नाजूक. ५५ हर्ट्झच्या एका आंदोलनाला १८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १०३ मिलिसेकंदांच्या सुरात जेमतेम साडेपाच आंदोलनं बसतात. इतक्या तोकड्या सुरात आंदोलन कुठून सुरू होतं याला फार महत्त्व येतं. सिंथमधला (सूर बनवणाऱ्या वाद्यातला) ऑसिलेटर, म्हणजे आंदोलनं तयार करणारा भाग, मोकळा फिरत असेल तर प्रत्येक सूर वेगळ्या जागेवरून सुरू होतो. एक जोरकस, पुढचा पोकळ, तिसऱ्याला टिचकी. सगळ्या सुरांचा जोर सारखा लावलेला असतो तरी कानाला चाल लंगडी लागते. ऑसिलेटरचा फेज, म्हणजे आंदोलनातली जागा, प्रत्येक सुराला पुन्हा शून्यावर येईल असं बटण बहुतेक सिंथमध्ये असतं. ते चालू केलं, सुराची लांबी थोडी आखडली, आणि ऑडिओ करून सगळे सूर एकाखाली एक ठेवून पाहिले. एकसारखे दिसले तेव्हाच पुढे गेले. साइडचेन कॉम्प्रेशन (किक वाजली की बेस आपोआप दबवणं) त्यानंतर लावलं, तेही अगदी हलकं. हाउससारख्या संथ शैलीत, जिथे बेसचा सूर लांब असतो आणि किकच्या वेळीही वाजत असतो, तिथे साइडचेनचं महत्त्व वेगळं आहे. शैली बघून उपाय निवडावा.

पातळीचं म्हणाल तर किक मी आधी वजा दहा डीबीला (शून्य म्हणजे कमाल पातळी) ठेवली आणि बाकी सगळं तिच्याभोवती रचलं. मास्टरवर वजा सहा डीबीची जागा सोडलीच पाहिजे, हा नियम फार कडक करून सांगितला जातो. डॉमध्ये (संगीत करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आतली गणना ३२ किंवा ६४ बिट फ्लोटमध्ये चालते, म्हणजे आत पातळीला भरपूर वाव असतो, २४ बिट फाइलला सैद्धांतिक १४४ डीबीचा आवाका असतो. शून्याला धडकत नसेल तर वजा तीन असो की वजा आठ, फरक पडत नाही. तरी जागा सोडावी, कारण किक वजा दहाला असली की बाकी फेडर (पातळी ठरवायच्या पट्ट्या) आपोआप ताब्यात राहतात.

संबळाचं एक ध्वनिमुद्रण मला या ट्रॅकमध्ये हवंच होतं. त्याच्या मोठ्या अंगाचा घुमारा माझ्या मुद्रणात दीडशे हर्ट्झच्या आसपास होता आणि तो बेसच्या अंगावर येत होता. हाय-पास फिल्टरने खालचं कापलं की संबळ पत्र्यासारखा वाजायचा. मी ईक्यू काढून टाकला आणि रचना बदलली. बेस थांबतो त्या ब्रेकमध्ये संबळ पूर्ण अंगाने येतो, आणि किक-बेस परतले की फक्त त्याच्या छोट्या अंगाचे कडक ठोके राहतात. मिक्समध्ये अडलेलं बरंचसं असं रचनेतच सुटतं, आणि रचनेत सुटलेलं जास्त टिकतं.

पॅड (मागचे लांब सूर), लीड (मुख्य धून), हाय-हॅट (झांजेसारखा ठोका) यांचं काम त्यामानाने लवकर झालं. पॅडचा दोनशे ते चारशे हर्ट्झचा भाग तीन डीबीने उतरवला, रिव्हर्बच्या (खोलीसारख्या गुंजनाच्या) वाटेवर तीनशेच्या खाली कापलं. तीन ते पाच हजारच्या पट्ट्यात कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, म्हणून लीडला तिथे हात जपून लावला.

ऐकण्याच्या पातळीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असताना कानाला बेस कमी लागतो आणि मोठा केला की तो वाढल्यासारखा लागतो. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स करणाऱ्याचा हात म्हणूनच बेसकडे वळतो. मी स्पीकरच्या नॉबवर पेन्सिलने खूण केली. मोबाइलवरच्या मीटरप्रमाणे खुर्चीपाशी साधारण ७५ डीबी भरतील अशी. बेसचे निर्णय फक्त त्या खुणेवर घ्यायचे. रात्री हळू आवाजात लीड आणि पर्कशनचा तोल बघायचा, तो तसा फार छान कळतो.

रेफरन्स ट्रॅकचंही, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या ट्रॅकचंही, तेच. बाजारातला मास्टर झालेला ट्रॅक तुमच्या मिक्सपेक्षा सात-आठ डीबीने मोठा असतो, आणि मोठं ते चांगलं असं कानाला वाटतंच. मी रेफरन्स खाली आणून दोन्ही सारख्या पातळीवर आणले. यूलीनचा लाउडनेस मीटर आणि व्हॉक्सेंगोचा स्पॅन, दोन्ही फुकट मिळतात आणि एवढ्याला पुरतात.

सगळ्यात मोठी परीक्षा सांगलीत झाली. माझ्या मावसभावाची साउंड सर्व्हिस आहे, लग्न-मिरवणुकीची कामं करतो. त्याच्या गोडाउनमध्ये अठरा इंची दोन-दोन स्पीकरच्या बिन (खर्जाच्या पेट्या) लावून ट्रॅक वाजवला. त्याने मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, “ताई, किक हाय बघ जोरात. पण बेस मधनंच कुठं जातोय?” तो सबला (खर्जाच्या स्पीकरला) मोनो, म्हणजे डावं-उजवं एक केलेला, सिग्नल देतो आणि शंभरच्या खालचं सगळं तिकडे पाठवतो, बहुतेक जण तसंच करतात. बेसच्या वरच्या थराला मी थोडी रुंदी (डाव्या-उजव्यात फरक) दिली होती, तिचा प्रभाव शंभरच्या खालीही उतरत होता आणि डावं-उजवं एकत्र झालं की काही सुरांत ते एकमेकांना खात होतं. तिथेच लॅपटॉपवर १२० च्या खालचं मोनो केलं. पुन्हा वाजवलं तेव्हा पत्र्याचं शटर सारख्या लयीत घुमायला लागलं आणि भाऊ म्हणाला, “आता कसं, एका रेषेत चाललंय.” त्यानेच आणखी एक सुचवलं. तीसच्या खालचं काप, माझ्या बिनमधनं ते ऐकू येत नाही, नुसता कोन हलतो आणि ताकद खातो. मी तीसला हाय-पास लावला. ज्यांच्या ओळखीत असा कुणी साउंडवाला आहे त्यांनी त्याच्याकडे जरूर जावं. या माणसांचे कान मोकळ्या मैदानावर तयार झालेले असतात आणि ते मनापासून मदत करतात.

मास्टरिंगला मी नव्या कानांनी, काही दिवस ट्रॅक न ऐकता बसले. साखळी छोटी ठेवली. रुंद आणि अर्ध्या-एक डीबीचा ईक्यू, किकची टोकं दीडेक डीबी कापणारा क्लिपर आणि शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं साधन. क्लिपर आधी असल्यामुळे लिमिटरला प्रत्येक किकला दबावं लागत नाही आणि मागचे पॅड हलत नाहीत. पातळी वजा नऊ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) नेली. त्यापुढे एक डीबी जास्त नेऊन पाहिला, तेव्हा किकचा ठोका बोथट झाला, म्हणून परत आले. स्पॉटिफाय वजा चौदाला पातळी सारखी करतं, म्हणून मास्टरही तेवढाच करावा, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. स्पॉटिफाय ट्रॅक पाच डीबीने खाली आणेल, त्यात नुकसान नाही. डीजेच्या पेन ड्राइव्हवर मात्र तो शेजारच्या ट्रॅकच्या बरोबरीने उभा राहायला हवा, आणि सायट्रान्स तिथेच वाजतं. पातळी शैलीने आणि कानाने ठरवावी, आकड्याने नाही. ट्रू पीकची (तरंगाच्या खऱ्या टोकाची) मर्यादा मात्र मी वजा एक डीबी पाळली, कारण एमपी३ किंवा एएसी करताना टोकं थोडी वर उसळतात.

शेवटी फाइल २४ बिट डब्ल्यूएव्ही काढली, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक खरखराट) लावून एक १६ बिटची, आणि लिमिटर बंद ठेवून एक मिक्सची प्रत. उद्या एखादं लेबल त्यांच्या इंजिनियरकडून मास्टर करून घ्यायचं म्हणालं तर ती तिसरी प्रत लागते. प्रोजेक्टमधले सगळे ट्रॅक ऑडिओ करून त्याच फोल्डरमध्ये ठेवले, सिंथची आवृत्ती बदलली तरी ते उघडतील. पुढचा ट्रॅक पांढरी चारमध्ये आहे. त्याचा षड्ज ४३.६५ हर्ट्झवर, खोलीच्या छप्पनपासून बराच दूर, पण सांगलीच्या बिनला तो कितपत पेलतो हे लीड रचायच्या आधीच नुसत्या किक-बेसवर तपासून घेणार आहे. भावाला तसं कळवलंय, लग्नसराई संपली की ये म्हणालाय.