अनलोडरची फुस्स अखेर थांबली: जुना २ एचपी कॉम्प्रेसर, पुढची खबर

चेतक स्कूटरचे पॅनल स्प्रे गनने रंगवायला हा जुना हवेचा कॉम्प्रेसर मी दुरुस्त करतोय. रात्री टाकी ८ किलोला (म्हणजे चौरस सेंटीमीटरला ८ किलो प्रेशर) भरली, मेन कॉक बंद केला आणि शेड लावलं. सकाळी बघतो तर काटा साडेसातच्या वर! टाकी गार झाली की थोडं प्रेशर आपोआप उतरतंच, ते सोडलं तर गळती नाहीच म्हणायची. नाद खुळा आनंद झाला.

जुनी टाकी सुरक्षित आहे का, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, तेवढं आधी सांगतो. ११० लिटरची टाकी हायड्रो टेस्टला पास झाली. पाण्याने काठोकाठ भरून, आतली हवा पूर्ण काढून, प्लंबरकडच्या हातपंपाने १२ किलोला नेली, म्हणजे मी चालवणार त्याच्या दीडपट. अर्धा तास काटा जागचा हलला नाही. ही टेस्ट हवेने करायचा विचारही कुणी करू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तर चिळकांडी उडून प्रेशर उतरतं. तीच फाट हवेच्या प्रेशरला पडली तर पत्रा उडतो. तळाचा ड्रेन कॉक गंजाच्या चिखलाने बुजला होता, म्हणून टेस्टच्या आधी तळाच्या पत्र्याची जाडीही गेजने तपासून घेतली. जुन्या टाकीचा पहिला गंज तिथंच असतो. आणि टाकीला भोक दिसलं तर वेल्डिंग मारून चालवायची नाही, भंगारात द्यायची.

आता मूळ दुखणं. रिकाम्या टाकीवर मोटर झकास सुरू व्हायची, ८ किलोला कट-ऑफ घ्यायची, म्हणजे आपोआप बंद व्हायची. प्रेशर ६ ला आलं की कट-इन, म्हणजे पुन्हा सुरू व्हायची वेळ, आणि तिथं मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही. मग एमसीबी पडायची. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज खाली येतं, म्हणून सुरुवातीला संशय त्याच्यावर होता. पण भर दुपारी २३० असतानाही तेच.

मोटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचकडे जाणारी अनलोडरची (मोटर थांबल्यावर अडकलेली हवा सोडणाऱ्या भागाची) बारीक नळी सोडली तेव्हा कोडं अर्धं सुटलं. नळीच्या तोंडात कुणीतरी छोटा स्क्रू ठोकून वर एमसील लावलं होतं. मशीन ज्या फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून आलं तिथंच कधीतरी हा उद्योग झाला असणार. कट-ऑफ झाल्यावर हेड (पिस्टनच्या वरचा भाग) आणि टाकीकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपमधली हवा या नळीतून सुटली पाहिजे, तीच ती दोन सेकंदांची फुस्स. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी पिस्टनला पहिल्याच फेरीत ते प्रेशर अंगावर घेऊन उठावं लागतं. सिंगल फेज मोटरला तेवढा जोर नसतो. ती घुमते, वेग पकडत नाही, वेग आल्यावर उघडणारा सेंट्रिफ्युगल स्विच उघडत नाही आणि फक्त सुरुवातीला जोर देणारा स्टार्ट कपॅसिटर लाइनमध्येच अडकून तापतो. मशीन आणलं तेव्हा कपॅसिटर फुगलेला का होता, तेही इथंच कळलं.

स्क्रू काढला, नळी फुंकून साफ केली. मोटर ६ किलोवरही एका झटक्यात उठली. पण आता फुस्स थांबेचना! टाकी रिकामी होईपर्यंत प्रेशर स्विचखालून हवा जातच राहिली. म्हणजे त्या आवाजाला कंटाळूनच आधीच्या माणसाने स्क्रू ठोकला होता. आवाज गेला आणि मोटरच्या मानगुटीवर बसला.

स्पेअरच्या दुकानात गेलो तर ऐकून घ्यायच्या आधीच नवीन प्रेशर स्विच काउंटरवर. हे दुखणं ज्यांना आहे त्यांनी स्विच घेण्याआधी एवढं करा: टाकीत प्रेशर ठेवून प्लग काढा आणि बारीक नळी स्विचच्या बाजूने सोडा. हवा नळीतून येत असेल तर ती टाकीतून उलटी येते आहे, म्हणजे एनआरव्ही (हवा टाकीतून मागे येऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह) धरत नाही. नळी गप्प असेल आणि स्विचच्या पोटातून हवा येत असेल, तर त्याचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. माझ्याकडे नळीतूनच येत होती. स्विच बिचारा चांगला होता.

टाकी पूर्ण रिकामी केली, गेज शून्यावर असतानाही ड्रेन कॉक उघडाच ठेवला आणि मगच एनआरव्हीला पाना लावला. वरची पितळी टोपी उघडल्यावर स्प्रिंग, चकती आणि ती टेकते ती सीट, सगळ्यावर जळक्या ऑइलचा काळा थर. चकतीच्या कडेवर सीटची गोल खाच उमटली होती आणि त्या खाचेत टेफ्लॉन टेपचा एक पिळलेला तुकडा, नखाएवढा, कडक झालेला. हवा तिथूनच मागे येत होती. जुन्या कुठल्यातरी जोडाची टेप सुटून आत गेलेली. मी आता टेप वापरतच नाही, थ्रेड सीलंट लावतो, तेही पहिले दोन आटे मोकळे सोडून.

सीट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासली, तर कड एकसारखी झाली. पण साध्या रबराची चकती परत घालण्यात अर्थ नव्हता. हेडमधून निघणारी हवा दीडशे अंशांच्या आसपास जाते, तिथं साधं रबर दगड होतं. अखंड नवीन एनआरव्ही उद्यमनगरातून (आमच्याकडची कारखान्यांची वस्ती) आणला, टेफ्लॉनच्या चकतीचा. आता कट-ऑफला फुस्स, आणि शांत. तो आवाज मी मुद्दाम दोन-तीनदा ऐकला.

बाकीचं पटकन. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढूनही हलत नव्हती, त्यामुळे नवा १० किलोचा बसवला. त्याच्याखाली कॉक लावायचा नाही, कधीच नाही. बेल्टला जाळीचा गार्ड केला. २.५ चौरस मिमी तार, सी-कर्व्ह एमसीबी (मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला लगेच न पडणारी), अर्थिंग स्वतंत्र. एक्स्टेंशन बोर्ड बंद.

मग पंपाची खरी ताकद मोजली. ६ वरून ८ किलोला यायला ८० सेकंद. एक किलो प्रेशर वाढायला साधारण टाकीभर बाहेरची हवा लागते, म्हणून ११० लिटर गुणिले २, म्हणजे २२० लिटर हवा, मिनिटाला १६५ लिटर, साधारण ५.८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). नेमप्लेटवरचा आकडा पिस्टनच्या मापाचा असतो, प्रत्यक्षात हवा त्याच्यापेक्षा कमीच मिळते. चेतकचे पॅनल एकेक करून रंगवायला एवढी पुरते.

हवेची लाइन पीव्हीसी पाइपची टाकू का, असं विचारणाऱ्यांना माझं ठाम उत्तर: नाही. हवेच्या प्रेशरला तो पाइप फुटला की धारदार तुकडे उडतात, आणि ऊन, उष्णता, ऑइल यांनी तो आणखी ठिसूळ होत जातो. मी पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, निळ्या पट्ट्याचा बी क्लास घेतलाय. टाकी आणि लाइनमध्ये प्रेशर होज, नाहीतर व्हायब्रेशनने जोड ढिले होतात. मीटरला एक सेंटीमीटर उतार, आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढायचा, म्हणजे तळाचं पाणी गनकडे येत नाही.

फिल्टर-रेग्युलेटर (हवा गाळून प्रेशर ठरवणारा भाग) टाकीशेजारीच लावायचा बेत होता. पण हे लिहिताना हिशोब मांडला आणि बेत बदलला. आपल्याकडच्या पावसाळ्यात २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत जवळपास २१ ग्रॅम वाफ असते. ८ किलोला दाबून तेवढीच गार केली की त्यातलं १८ ग्रॅम पाणी होऊन पडतं. माझा पंप तासाला सुमारे १० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे १८० मिली पाणी! टाकीजवळ हवा अजून गरम असते, वाफ फिल्टरमधून तशीच निघून जाते आणि पुढे होजमध्ये गार होऊन प्रायमरवर फोड आणते. म्हणून फिल्टर-रेग्युलेटर शेवटी, गनच्या बाजूला. आणि त्याच्या आधी सावलीतल्या भिंतीवर दीड-दीड मीटरचे चार उभे पाइप, वर-खाली नागमोडी जोडलेले, प्रत्येकाच्या तळाला टी आणि ड्रेन कॉक. हवा त्यातून फिरताना गार होईल आणि पाणी तिथंच राहील. पाइप कापून आटे पाडायला उद्यमनगरात टाकतोय. जोडणी झाली की साबणाच्या पाण्याने एकेक जोड बघणार, मगच गनला हात लावणार.