खिडकीतला गोंडाइट

ठाण्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हटले की काळा पाषाणच आठवतो. येऊरचा डोंगर, पारसिकचा बोगदा, आमच्या जुन्या घराचे जोते, सगळीकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट. त्यामुळे रामटेकच्या मामांनी मनसरहून आणलेला एक दगड हातात घेतला, तेव्हा त्याच्या वजनानेच मी चकित झाले. गारेत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, दाटीने बसलेले नारिंगी-तपकिरी गार्नेट या खनिजाचे दाणे आणि एका बाजूला काळी कड, असा तो गोंडाइट नावाचा मँगनीजयुक्त खडक गेली कित्येक वर्षे माझ्या खिडकीत आहे.

हे नाव गोंड समाजावरून भूवैज्ञानिक ल्युइस फर्मॉर यांनी दिले. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्यांचा प्रबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यातील हे थर मूळचे पाण्याखाली साचलेले मँगनीजयुक्त गाळ असून पुढे खोलवर गाडले जाऊन, तापून आणि दाबले जाऊन त्यांचे रूपांतरण झाले, असे त्यांनी मांडले. या बदलात खडक वितळत नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. अणू घन स्थितीतच, कणांच्या सीमांवरील अत्यल्प द्रवाच्या साहाय्याने, जागा बदलतात आणि त्या तापमानाला व दाबाला स्थिर असलेली नवी खनिजे वाढू लागतात.

कोणते खनिज वाढणार, हे मात्र केवळ उष्णतेवर ठरत नाही. गाळात मुळात काय मिसळले होते, यावरही ठरते. स्पेसार्टाइन या गार्नेटच्या घडणीत मँगनीजचे तीन, अ‍ॅल्युमिनियमचे दोन आणि सिलिकॉनचे तीन अणू लागतात. म्हणून जिथे मँगनीजच्या चिखलात चिकणमाती आणि वाळू मिसळली होती, तिथे गार्नेट आणि गार झाली, म्हणजेच माझ्या खिडकीतला दगड झाला. जिथे गाळ जवळजवळ निर्भेळ होता, तिथे ब्राउनाइट हे मँगनीजचे खनिज झाले, ज्यात सात मँगनीजमागे सिलिकॉनचा एकच अणू असतो, आणि खाणीत शोधतात ते हेच. माती कमी पण वाळू पुरेशी असेल, आणि भोवती प्राणवायू बेताचा असेल, तर गुलाबी र्‍होडोनाइटही तयार होते. मँगनीजचा लवलेश नसलेल्या, अ‍ॅल्युमिनियमने समृद्ध अशा मातीच्या थरांतून याच प्रकारच्या तापण्या-दाबण्याने कायनाइट आणि सिलिमनाइट होतात. भंडारा जिल्ह्यात त्यांच्याही खाणी आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. सामान्य मातीच्या खडकात गार्नेट दिसले, की तो बराच तापला होता असे अनुमान करतात. परंतु मँगनीज असले की गार्नेट त्याहून कमी तापमानालाच वाढू लागते. केवळ दाणे पाहून मी गोंडाइटला तापमापक मानत असे, ती माझी चूकच होती.

दगडाच्या काळ्या कडेवरून बोट फिरवले की ते काळे होते. ब्राउनाइट कठीण असते, बोटाला लागत नाही. लागते ते मऊ पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीजचा एक ऑक्साइड. ते खोल तापलेल्या काळातले नव्हे, तर डोंगर झिजून थर उघडे पडल्यावर पावसाच्या पाण्याने आणि हवेतील प्राणवायूने जुन्या खनिजांवर चढलेले आहे.