गुच्छांच्या मधली जागा

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्या ल्युपस या आजाराने दोन वर्षे ग्रासलेल्या एका तरुण रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या बायॉप्सीचे तुकडे आमच्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत आले, तेव्हा सोबतच्या अर्जात चिंता वाटावी असे फारसे काही नव्हते. चोवीस तासांच्या लघवीत ०.७ ग्रॅम प्रथिने होती, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन नेहमीइतके होते आणि पायांवर सूज नव्हती. रक्तातील सी-३ व सी-४ ही प्रतिकारशक्तीला साथ देणारी पूरक प्रथिने मात्र घटली होती आणि स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वाढली होती, म्हणजे ल्युपस जागा होता. बायॉप्सी करावी की थांबून पाहावे, याबद्दल मूत्रपिंडतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, सहकाऱ्यांच्या मनात शंका होती. प्रथिने दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर गेली की ल्युपसमध्ये बायॉप्सीचा विचार करावा, या नियमाला धरून त्यांनी ती केली, याचे मला आजही समाधान वाटते.

गोठवलेल्या तुकड्यावरची फ्लुरोसन्स तपासणी त्याच संध्याकाळी झाली. आयजीजी, आयजीए, आयजीएम हे प्रतिपिंडांचे तीन प्रकार आणि सी-३ व सी-१क्यू ही पूरक प्रथिने, असे पाचही घटक चमकणाऱ्या रंगात उजळले. आमच्या बोलण्यात याला 'फुल हाउस' म्हणतात आणि असे चित्र दिसले की पहिला संशय ल्युपसचाच येतो. दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या स्लाइड हाती आल्या. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे, म्हणजे ग्लोमेरुलसचे, अठरा गुच्छ मोजता आले आणि त्यांपैकी अकरांमध्ये केशवाहिन्यांची पोकळी पेशींनी भरून गेली होती. काही ठिकाणी भिंती तारेच्या वेटोळ्यासारख्या जाड झाल्या होत्या आणि दोन गुच्छांभोवती चंद्रकोरीच्या आकाराचा पेशींचा थर चढला होता. निम्म्याहून अधिक गुच्छ ग्रासलेले असल्यामुळे ल्युपसच्या मूत्रपिंडविकाराच्या वर्गवारीत हा चौथ्या वर्गाचा, सक्रिय आजार ठरला. लघवीतील ०.७ ग्रॅमच्या आकड्यावरून असे चित्र कोणीही रंगवले नसते.

इथपर्यंत मी नेहमीच्याच वाटेने आलो होतो, पण त्या दिवशी माझी नजर गुच्छांच्या मधल्या जागेत अडकली. मूत्रनलिकांच्या भोवतीच्या या जागेतील दाहाला मी तोवर अहवालात एखादी ओळ देत असे. इथे मात्र लसीकापेशींचे (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे) दाट पुंजके होते आणि काही पेशी थेट नलिकांच्या भिंतीत शिरत होत्या. पेशींचे प्रकार ओळखण्यासाठी मी विशेष रंजन (स्टेनिंग) मागवले. बहुतेक पेशी टी-पेशी या प्रकारच्या लसीकापेशी निघाल्या, त्यांच्याशेजारी बी-पेशी आणि त्यांच्यापासून बनलेल्या, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी होत्या आणि सभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी पसरल्या होत्या. रक्तातून वाहत आलेली प्रतिपिंडे मूत्रपिंडात अडकतात, हे ल्युपसचे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे, हे मला त्या पुंजक्यांत दिसले, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींनी मूत्रपिंडातच मुक्काम केला होता. बी-पेशींना जगवणारे बाफ हे सायटोकाइन (पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप्या प्रथिन), मॅक्रोफेजकडून येणारी आयएल-६ व टीएनएफ ही सायटोकाइन, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारे टी-पेशींचे आयएल-१७, अशा रासायनिक निरोपांमुळे तिथला दाह स्वतःलाच खतपाणी घालत राहतो. मूत्रपिंड पुढे किती टिकेल, हे ठरवण्यात गुच्छांइतकाच या मधल्या जागेचा वाटा असतो. म्हणून त्या अहवालात मी तिला स्वतंत्र परिच्छेद दिला आणि आजही देतो.

लेखी अहवालाची वाट न पाहता मी नेफ्रॉलॉजिस्टना फोन केला. "चौथा वर्ग आहे, दोन चंद्रकोरी आहेत आणि मधल्या जागेतही बराच दाह आहे," असे सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आजच सुरू करते." हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचे नेहमीचे औषध आधीपासून चालू होते, त्याला स्टेरॉइड आणि लसीकापेशींची वाढ रोखणाऱ्या मायकोफिनोलेटची जोड मिळाली. पुढे बाफला निष्प्रभ करणारे बेलिम्युमॅबही द्यायचे ठरले. हे औषध अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये ल्युपसच्या मूत्रपिंडविकारासाठी मान्य झाले होते. पुंजक्यातल्या ज्या बी-पेशी मी सकाळी मोजल्या होत्या, त्यांचीच रसद तोडणारे औषध संध्याकाळी चर्चेत यावे, असे समाधान माझ्या कामात क्वचितच लाभते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे आठवड्याने आली. गुच्छांतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये बारीक नळ्यांची गुंतागुंतीची जाळी दिसत होती, जी अल्फा इंटरफेरॉन या आणखी एका सायटोकाइनच्या प्रभावाखाली तयार होते. न्यूट्रोफिल मरताना बाहेर फेकतात तो डीएनए आणि त्यावर चिकटलेली प्रतिपिंडे प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये शिरतात, तिथल्या डीएनए ओळखणाऱ्या टीएलआर-९ या ग्राहीला (रिसेप्टरला) जागवतात आणि त्या पेशी इंटरफेरॉन सोडू लागतात. मग हेच इंटरफेरॉन बाफ वाढवते आणि बी-पेशींना पुन्हा नव्या प्रतिपिंडांकडे ढकलते. हे चक्र मी वर्गात अनेकदा फळ्यावर काढले होते. त्या छायाचित्रात मात्र त्याचा माग एका जिवंत माणसाच्या पेशीत उमटलेला होता. ते छायाचित्र मी अहवालाला जोडले आणि नळ्यांच्या त्या जाळीवर बाण काढून दिला.